अकरा जागा, वीस माणसं

२०२४ च्या जूनमध्ये सतरावी लोकसभा विसर्जित झाली. त्यानंतर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या मराठी वाचनालयाने ठरवलं की सरलेल्या मुदतीत मध्य प्रदेशातून दिल्लीला कोण कोण गेलं होतं, याचा एक मोठा तक्ता अभ्यासिकेत लावायचा. तिथे लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली बसतात, त्यांच्यासाठी हा खटाटोप. लोकसभेच्या २९ जागांचं काम एका सभासदाने आनंदाने उचललं. राज्यसभा माझ्या वाट्याला आली. माझी सगळी नोकरी एजी ऑफिसात, म्हणजे महालेखापालांच्या कार्यालयात, हिशेब तपासण्यात गेली, त्यामुळे तारखा जुळवायचं काम माझ्याकडे येणार हे ओघानेच आलं. मलाही ते आवडलं. हे सविस्तर लिहितेय, कारण असा तक्ता कुठल्याही गावच्या वाचनालयाला करता येईल आणि तो करावा असं मला मनापासून वाटतं.

लोकसभेचं सोपं असतं. तिला सुरुवात असते आणि शेवट असतो. सतरावी लोकसभा २५ मे २०१९ ला गठित झाली आणि ५ जून २०२४ ला विसर्जित झाली. राज्यसभा मात्र ३ एप्रिल १९५२ ला स्थापन झाली ती आजवर कधी विसर्जित झालेलीच नाही. सदस्याची मुदत सहा वर्षांची असते आणि दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. म्हणजे ‘त्या पाच वर्षांतली राज्यसभा’ अशी तयार यादी असू शकत नाही. आपल्याला हव्या त्या दोन तारखांच्या मधे कोण आलं, कोण गेलं, हे आपणच काढायचं.

राज्यघटना लागू झाली तेव्हा ग्वाल्हेर मध्य भारत राज्यात होतं आणि त्या राज्याला राज्यसभेत ६ जागा होत्या. १९५६ च्या पुनर्रचनेनंतर नव्या मध्य प्रदेशाला १६ जागा मिळाल्या. २००० मध्ये छत्तीसगड वेगळं झालं, त्यातल्या ५ तिकडे गेल्या आणि आपल्याकडे ११ उरल्या. तक्ता या अकरा जागांचा करायचा होता.

नावांची यादी करायचीच नाही, हे मी आधी ठरवलं. प्रत्येक जागेचं एक पान केलं. खतावणीत जसं खातं कायम असतं आणि त्यात नोंदी येत-जात राहतात, तसं जागा हे खातं आणि सदस्य ही नोंद. एकदा असं मांडलं की गोंधळ बराच कमी होतो. कारण राज्यसभेत मुदत खरी जागेला असते. कुणी मधेच राजीनामा दिला, कुणाचं निधन झालं, कुणी राज्यपाल झालं, तरी पोटनिवडणुकीतून येणाऱ्याला नवी सहा वर्षं मिळत नाहीत. आधीच्या सदस्याची उरलेली मुदत तेवढी मिळते. जागा ठरल्या तारखेलाच रिकामी होते.

मग अकरा पानांच्या तीन तुकड्या पडल्या: तीन, तीन आणि पाच. प्रत्येक तुकडीची निवृत्तीची तारीख एक.

पहिली तुकडी ९ एप्रिल २०२० ला निवृत्त होणारी. त्यात दिग्विजय सिंह, प्रभात झा आणि सत्यनारायण जटिया. यांच्या जागांसाठी २६ मार्च २०२० ला मतदान व्हायचं होतं. त्या महिन्यात भोपाळमध्ये काय चाललं होतं ते ग्वाल्हेरकरांना सांगायला नको. २२ आमदारांनी राजीनामे दिले, २० मार्चला कमलनाथ यांनी मुख्यमंत्रिपद सोडलं, आणि पाठोपाठ टाळेबंदी आली. मतदान पुढे ढकललं गेलं ते थेट १९ जूनपर्यंत. म्हणजे ९ एप्रिलनंतर दोन महिन्यांहून जास्त काळ आपल्या तीन जागा रिकाम्या होत्या. माझ्या तीन पानांवर त्या काळासमोर रेघ मारलेली आहे. अभ्यासिकेतल्या एका मुलीने विचारलं, “काकू, इथे कुणाचं नाव राहिलंय का?” मी म्हटलं, नाही बाळा, तिथे कुणी नव्हतंच. ती रेघ पुसू नका, असं मी तक्ता रंगवणाऱ्यालाही बजावलं होतं.

१९ जूनला दिग्विजय सिंह, ज्योतिरादित्य शिंदे आणि सुमेरसिंह सोळंकी निवडून आले. इथे मुलांना गणित करून दाखवण्याची चांगली संधी मिळाली. राज्यसभेसाठी मत आमदार देतात आणि तेव्हा विधानसभेत २३० पैकी २०६ आमदार होते. मोजणीत प्रत्येक मताची किंमत १०० धरतात. सगळी मतं वैध धरली तर झाले २०,६००. भरायच्या जागा तीन, त्यात एक मिळवून चार. २०,६०० ला चाराने भागलं की ५,१५०, त्यात एक मिळवला की ५,१५१. म्हणजे पहिल्या पसंतीची ५२ मतं मिळाली की जागा पक्की. तिघांना अनुक्रमे ५७, ५६ आणि ५५ मिळाली. चौथे उमेदवार फूलसिंह बरैया ३६ वर थांबले. पुस्तकात ‘एकल संक्रमणीय मतपद्धती’ असं वाचून काहीच हाती लागत नाही. आपल्या ओळखीच्या नावांवर हिशेब केला की मुलं पुन्हा विसरत नाहीत. हे मी समोर पाहिलंय.

याच तुकडीत तारखांचा मोठा प्रश्न आला. निवडणूक १९ जूनची, मुदतीची सुरुवात २२ जूनची आणि सभागृहात शपथ २२ जुलैला. वेगवेगळ्या ठिकाणी यांतली वेगवेगळी तारीख दिलेली सापडते आणि माणूस गोंधळतो. कायद्याप्रमाणे निवडून आलेल्यांची नावं राजपत्रात अधिसूचित होतात त्या दिवसापासून मुदत धरली जाते. तीच तारीख तक्त्यात घ्यायची, बाकीच्या दोन सोडून द्यायच्या. आणि त्या उशिराचा परिणाम पुढेही राहिला. जी तुकडी पूर्वी एप्रिलमध्ये निवृत्त व्हायची, तिची पुढची तारीख २१ जून २०२६ झाली.

दुसरी तुकडी लवकर उरकली. २९ जून २०२२ ला निवृत्त झाले ते एम. जे. अकबर, संपतिया उईके आणि विवेक तन्खा. यांत संपतियाबाई २०१७ मध्ये पोटनिवडणुकीने आलेल्या, कारण केंद्रात पर्यावरणमंत्री असलेले अनिल माधव दवे यांचं त्या वर्षी १८ मे रोजी निधन झालं होतं. दवे यांची मुदत २०२२ पर्यंत होती, म्हणून यांचीही तेवढीच. त्यानंतर तन्खा पुन्हा आले आणि त्यांच्यासोबत इंदूरच्या कविता पाटीदार आणि जबलपूरच्या सुमित्रा वाल्मीक.

तिसरी तुकडी पाच जणांची, २ एप्रिल २०२४ ला मुदत संपणारी: थावरचंद गहलोत, धर्मेंद्र प्रधान, कैलाश सोनी, अजय प्रताप सिंह आणि राजमणी पटेल. यांतलं गहलोतांचं पान मला फार शिकवून गेलं. जुलै २०२१ मध्ये ते कर्नाटकचे राज्यपाल झाले. राज्यपालाला कुठल्याही सभागृहाचं सदस्य राहता येत नाही, त्यामुळे जागा रिकामी झाली. त्याच आठवड्यात तमिळनाडूचे एल. मुरुगन केंद्रात मंत्री झाले, तेव्हा ते कुठल्याच सभागृहात नव्हते. अशा मंत्र्याला सहा महिन्यांत संसदेत यावं लागतं. त्या सप्टेंबरमध्ये ते मध्य प्रदेशातून बिनविरोध निवडून आले, गहलोतांच्या उरलेल्या मुदतीसाठी. मग एप्रिल २०२४ पासून पूर्ण सहा वर्षांसाठी पुन्हा. त्यांच्यासोबत उमेशनाथ महाराज, माया नारोलिया, बन्सीलाल गुर्जर आणि आपल्या ग्वाल्हेरचे अशोक सिंह.

मुरुगन यांच्या नावावर अभ्यासिकेत बरीच चर्चा झाली. तमिळनाडूचा माणूस आपला खासदार कसा? एका आजोबांना हे मुळीच पटलं नाही, आणि त्यांची तळमळ मला समजते. २००३ पर्यंत त्या राज्याच्या मतदारयादीत नाव असणं बंधनकारक होतं. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ती अट गेली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुलदीप नय्यर यांच्या खटल्यात ती दुरुस्ती वैध ठरवली. कायदा असा आहे. तरी माझं स्वतःचं मत सांगते: राज्यांचं सभागृह म्हणायचं, तर त्या राज्याचं पाणी प्यायलेला माणूस तिथे असावा. सगळ्याच पक्षांनी याचा विचार करायला हवा.

आजोबांना अटलजींचीही आठवण झाली. १९८४ मध्ये ग्वाल्हेरमधून लोकसभा हरल्यावर १९८६ मध्ये अटलबिहारी वाजपेयी मध्य प्रदेशातूनच राज्यसभेत गेले होते. शिंदे की छावणी या ग्वाल्हेरच्या वस्तीत ज्यांचं बालपण गेलं, त्यांच्याबद्दल इथला कुणी आपलेपणाने बोलायला लागला की तासभर तरी उठत नाही.

सगळी पानं भरल्यावर बेरीज केली. जागा ११ आणि त्या पाच वर्षांत त्यांवर बसलेली माणसं २०. या वीसांपैकी पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत अखंड सदस्य राहिलेले फक्त एकच, विवेक तन्खा. दिग्विजय सिंहांच्या मधे ती एप्रिल ते जूनची रेघ आहे. बाकी कुणी आधी गेलं, कुणी नंतर आलं. नुसत्या नावांच्या यादीत हे कधीच दिसलं नसतं. आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त लागली: त्या पाच वर्षांत मध्य प्रदेशात राज्यसभेसाठी प्रत्यक्ष मतदान एकदाच झालं, १९ जून २०२० ला. २०२१, २०२२ आणि २०२४, तिन्ही वेळा जेवढ्या जागा तेवढेच उमेदवार होते, सगळे बिनविरोध. आपण थेट मत देत नाही हे मुलांना माहीत असतं. पण आपले आमदारसुद्धा बहुतेक वेळा मत देत नाहीत, हे सांगितल्यावर सगळी गप्प झाली. मग त्यांतल्या एकाने विचारलं, “म्हणजे नाव पक्षातच ठरतं?” हो, तिथेच ठरतं. म्हणूनच ते नाव आपल्याला माहीत असायला हवं, असं मी त्याला सांगितलं. खासदार निधीतून राज्यसभा सदस्य आपल्या राज्यात कुठेही काम सुचवू शकतो. शाळेची खोली असो, वाचनालय असो, दाराशी जायचं तर कुणाच्या, हे कळायला नको का?

तक्ता जवळजवळ तयार झाला तेव्हा एक शेवटची रेघ मारावी लागली. ४ जून २०२४ ला ज्योतिरादित्य शिंदे गुणा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. राज्यसभेत बसलेला माणूस लोकसभेवर निवडून आला की त्याच दिवशी त्याची राज्यसभेची जागा आपोआप रिकामी होते, राजीनाम्याची गरज पडत नाही. सतरावी लोकसभा ५ जूनला विसर्जित झाली. म्हणजे आमच्या तक्त्याच्या शेवटच्या दिवशी ती जागा रिकामी होती. ऑगस्टमध्ये केरळचे जॉर्ज कुरियन तिच्यावर बिनविरोध आले, मुदत तीच, २१ जून २०२६. त्यांचं नाव आमच्या पाच वर्षांच्या बाहेर पडतं, पण मी ते खाली वेगळ्या रंगात लिहून घेतलं, म्हणजे पुढचा तक्ता करणाऱ्याला धागा सापडेल.

तारखा पडताळायचं काम सगळ्यात वेळखाऊ. माझ्या अनुभवाने सांगते, पोटनिवडणुकीसाठी निवडणूक आयोगाचं प्रसिद्धिपत्रक आधी शोधावं. कुणाची जागा, कशामुळे रिकामी झाली, कोणत्या तारखेला आणि मुदत कधीपर्यंत, हे चारही रकाने त्यात एकत्र मिळतात. वर्तमानपत्राच्या कात्रणात यांतला एखादा हमखास नसतो.

तक्त्याचा फोटो पाहून बडोद्याहून माझ्या नणंदेचा फोन आला. तिच्या मंडळालाही गुजरातचा असाच तक्ता करायचाय. तिथेही जागा ११ च, पण तुकड्या वेगळ्या पडतात: चार, तीन आणि चार. ती पहिल्याच पानावर अडली होती. २५ नोव्हेंबर २०२० ला अहमद पटेल यांचं निधन झालं आणि १ डिसेंबरला अभय भारद्वाज यांचं. फेब्रुवारी २०२१ मध्ये दोन नवे सदस्य आले, मग कोण कुणाच्या जागी? मी म्हटलं, वन्सं, माणसं बाजूला ठेवा, आधी दोन्ही जागांच्या निवृत्तीच्या तारखा लिहा. पटेलांची ऑगस्ट २०२३, भारद्वाजांची जून २०२६. आता बघा कोण २०२३ मध्ये निवृत्त झालं. दिनेश अनावाडिया. म्हणजे ते पटेलांच्या पानावर आणि रामभाई मोकरिया भारद्वाजांच्या.

“थांब, लिहून घेते,” वन्सं म्हणाल्या.