‘बेलगाम’ आणि ‘बेळगावी’च्या मध्ये अडकलेली रेकॉर्ड

अमेरिकन जॅझ संगीतकार चार्ल्स मिंगसची ‘मिंगस थ्री’ ही 1957 सालची रेकॉर्ड मला विनाइलवरच, म्हणजे जुन्या तबकडीच्या रूपातच हवी होती. पियानोवर हॅम्प्टन हॉज, ड्रम्सवर डॅनी रिचमंड, आणि तिघांचा नायक डबल बास, म्हणजे माणसाएवढं उंच तंतुवाद्य, वाजवणारा मिंगस. एरवी मागे राहून लय सांभाळणारं वाद्य इथे पुढे येऊन बोलतं. परदेशातल्या एका दुकानात सापडली, पैसे भरले, मुंबईपर्यंत सुखरूप आली.

मग कुरिअरचा मेसेज आला, केवायसी, म्हणजे ओळख-पत्त्याची पडताळणी, अपूर्ण. आधार अपलोड केलं. दोन दिवसांनी नामंजूर : पत्ता जुळत नाही. पार्सलवर ‘बेळगावी’, आधारवर ‘बेलगाम’. शहराचं सरकारी नाव 1 नोव्हेंबर 2014 ला बदललं, माझं आधार त्याआधीचं. कुरिअरच्या हेल्पलाइनवर म्हटलं, “मॅडम, ही दोन गावं नाहीत, पिनकोड बघा, एकच आहे.” “सर, सिस्टीम घेत नाही.” रोज फोन, रोज नवा माणूस, रोज पहिल्यापासून सगळं सांगायचं. विजेचं बिल पाठवलं, ते कन्नडमध्ये म्हणून परत. मे महिना होता. विनाइल उष्णतेने वाकतं, आणि माझी रेकॉर्ड कुठल्या पत्र्याखाली पडली असेल या विचाराने झोप लागेना. अकरा दिवस असे गेले. आजही आठवलं की संताप येतो. जन्म इथे गेला आणि आपलंच गाव आपण सिद्ध करायचं!

शेवटी बँकेत गेलो. इंग्रजीत छापलेलं स्टेटमेंट घेतलं, त्यावर शहराच्या नव्या नावासह पत्ता, माझं पूर्ण नाव आणि शिक्का. सोबत दोन्ही नावं एकाच शहराची आहेत असं लिहून सही केलेला कागद. आधारसकट सगळं एकाच पीडीएफमध्ये पाठवलं. दुसऱ्या दिवशी मंजूर.

फोन केलात की तक्रार क्रमांक मागून घ्या, मी तो पाचव्या दिवशी मागितला. आणि हे खरं तर आधी सांगायला हवं होतं : ऑर्डर देतानाच नाव-पत्ता आधारवर आहे तसाच लिहा, अक्षर न अक्षर, वडिलांच्या नावासकट. कस्टम्स ड्यूटी भरल्याची पावतीही जपून ठेवा.

रेकॉर्ड सरळ निघाली, जराही वाकलेली नव्हती. आप्पांनी चाळीस वर्षं तबला वाजवलाय, जॅझ कधी ऐकलं नव्हतं. बासची पहिली घुमारी आली तसे ते खुर्चीत पुढे सरकले. “डग्ग्यासारखं बोलतंय की रे हे.” पहिली बाजू संपल्यावर मी रेकॉर्ड उलटायला उठलो, तर म्हणाले, “थांब, हीच परत लाव.”