पडायचंच होतं, तर उभ्या का राहिलात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "माहिती अधिकारात अर्ज टाकत होतात, अधिकारी वचकून होते. मग महापालिकेला उभं राहायची काय गरज होती?" विचारणाऱ्यांनी बहुतेक वेळा उत्तर स्वतःच ठरवलेलं असतं, की हौस असणार.

हौस नव्हती. २००५च्या कायद्याने माहिती मिळते, पण कधी? अर्जाला ३० दिवस, मग पहिलं अपील, मग माहिती आयोगाकडे दुसरं. तोवर ठेकेदाराचं बिल निघालेलं असतं. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना फायली दाखवा, असा आदेश शासनाने २०१८ मध्ये काढला. तिथेही मी जाऊन बसायची. पण हातात येते ती निर्णय होऊन गेलेली फाईल. विषयपत्रिका आधी मिळते ती नगरसेवकाला.

आमच्या गल्लीतल्या पावसाळी गटाराचं काम तेवढं नीट सांगते. पहिल्या रनिंग बिलाची, म्हणजे काम चालू असतानाच ठेकेदाराला निघणाऱ्या बिलाची, मोजमाप पुस्तिका पाहिली, तर गटाराची लांबी गल्लीपेक्षा जास्त. शेजारच्या मुलाला टेपचं एक टोक धरायला लावून मी स्वतः मोजलं. तक्रार केली. चौकशी लागली आणि विभागाने काम थांबवलं. एप्रिल होता. जूनमध्येही गल्ली खोदलेलीच होती, गुडघाभर पाणी साचलेलं.

प्रचाराला एका घरी गेले. तिथल्या बाईंच्या यजमानांचं डायलिसिस चालू. बाईंनी बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "ताई, तुमचं खरंच आहे हो. पण रिक्षा आत येत नव्हती. पावसाळाभर यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून कोपऱ्यापर्यंत उचलून न्यावं लागलं. निघालं असतं खोटं बिल तर निघालं असतं, रस्ता तरी झाला असता."

काम थांबवा, असं माझ्या तक्रारीत कुठेही नव्हतं. जास्तीची रक्कम वसूल करा आणि काम पूर्ण करा, असं स्पष्ट लिहिलं होतं. त्याची प्रत पिशवीत होती. ती काढून त्यांना दाखवायला माझा हात धजला नाही. त्या बूथवर मला सगळ्यात कमी मतं पडली. लोक विकले गेले असं कुणी म्हटलं की मला राग येतो. पैशांचं वाटप झालं असेलही, पण त्या बाईंनी मत दिलं नसेल तर ते खुर्ची उचलून थकल्या म्हणून.

पूर्वी मीच सभांमधून सांगायची, की बाहेर राहूनच मोकळेपणाने विचारता येतं, आत गेलं की पक्ष तोंड बंद करतो. ते चुकीचं होतं असं आजही म्हणवत नाही. मी अपक्ष, निवडून आले असते तरी खर्चाला मंजुरी देणाऱ्या स्थायी समितीत जागा मिळणं अवघडच, तिथल्या जागा पक्षांच्या संख्याबळावर वाटल्या जातात. तरीही प्रभागातल्या प्रत्येक कामाचं अंदाजपत्रक आणि कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करायचा लेखी आदेश) काम सुरू होण्याआधी चौकात लावायला मला कुणी अडवू शकलं नसतं. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ तर सांगतंच, की न मागता माहिती द्या. आधी मोजलं असतं, तर काम थांबायची वेळच आली नसती.

पुढच्या वेळचं म्हणाल, तर ठरलेलं नाही. घरचे नको म्हणतात. वसुली झाली का, हे विचारणाऱ्या अर्जावर अजून अपील चालू आहे.