जुन्या रोड सायकलचा घसरणारा गिअर लिव्हर: माझा अनुभव

ज्यांच्याकडे जुनी रोड सायकल आहे, म्हणजे ती खालच्या तिरक्या नळीवर दोन बाजूला दोन छोटे लिव्हर असलेली, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी हा त्रास कधी ना कधी भोगलेला असणार. सपाटीवर सगळं झकास चालतं. चढ लागला, सगळ्यात हलका गिअर टाकला, दोनचार पॅडल मारले की मागे चेन कुरकुर करायला लागते आणि मग खाडकन एक दातेरी चकती खाली, म्हणजे जड गिअरवर. परत लिव्हर ओढा, परत तेच. माझी सायकल ऐंशीच्या दशकातली जपानी आहे, स्टीलची फ्रेम, स्टिकर केव्हाच उडालेत. खडकवासल्यापर्यंत काही तक्रार नसायची, पण गोळेवाडीपासून सिंहगडाचा घाट सुरू झाला की एक हात कायम खाली लिव्हर धरून, असं चढायचं म्हणजे नुसती सर्कस.

आता ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हल्लीच्या गिअरला खटके असतात, एक टक म्हणजे एक गिअर. शिमानो या जपानी कंपनीचं एसआयएस, म्हणजे खटक्यांचे गिअर, १९८५ च्या सुमारास आलं आणि मग हळूहळू सगळीकडे खटकेच झाले. त्याआधी लिव्हर नुसते घर्षणावर थांबायचे. मागच्या डिरेलरची (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) स्प्रिंग केबलला सतत ओढत असते, तिला चेन लहान चकतीवर न्यायची असते, आणि लिव्हरच्या दोन्ही बाजूचे वॉशर त्याला दाबून धरतात. बास, एवढंच यंत्र. वॉशरची पकड स्प्रिंगच्या ओढीपेक्षा जास्त असेल तर लिव्हर जागेवर राहतो, कमी पडली तर घसरतो. आणि मोठ्या चकतीवर, म्हणजे सगळ्यात हलक्या गिअरमध्ये, स्प्रिंग सगळ्यात जास्त ताणलेली असते, म्हणून हा रोग नेमका चढावरच उपटतो. मी घाटासाठी मागे १४ ते २८ दातांचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बसवलंय त्यामुळे ताण आणखी वाढला असणार.

दुकानात नेली तर तिथल्या काकांनी पहिलं काम काय केलं, स्प्रे काढून लिव्हरच्या फटीत तेल मारलं. मी "अहो काका" म्हणेपर्यंत झालं पण होतं. मग म्हणाले, "साहेब हे जुनं मॉडेल, याचं काही होत नाही, हँडलवर इंडेक्सवालं, खटक्यांचं, बसवून देतो, नाहीतर गिअर काढून सिंगलच करून टाका." घर्षणावर चालणाऱ्या वस्तूला तेल पाजायचं आणि वर ती घसरते म्हणून काढून टाकायला सांगायचं! पण त्यांचं वय आणि अनुभव बघता वाद घातला नाही, सायकल घेऊन घरी आलो.

घरी आल्यावर लगेच उघडायला बसलो नाही आणि हे महत्त्वाचं आहे, कारण "गिअर आपोआप बदलतो" या एका तक्रारीमागे वेगवेगळी कारणं असू शकतात. कधी लिव्हर जागचा हलतच नाही, केबलचं कव्हर गंजून आत केबल अडकलेली असते, ओढल्यावर ती लगेच सरकत नाही आणि नंतर चालता चालता सैल होते. कधी जोरात पॅडल मारताना जुनी फ्रेमच खाली थोडी वाकते आणि केबलचा ताण बदलतो. अशा वेळी लिव्हर कितीही आवळा, काही फरक पडत नाही. म्हणून मी एक पांढरा पेंट मार्कर घेतला, सगळ्यात हलक्या गिअरमध्ये लिव्हर ठेवून त्याच्या गोल बुडापासून खालच्या पट्ट्यापर्यंत एक सरळ रेघ मारली, आणि वरच्या स्क्रूच्या डोक्यापासून त्याच्या टोपीपर्यंत दुसरी. आणि घराजवळच्या उड्डाणपुलावर पॅडलवर उभं राहून दोनतीनदा जोर लावून चढवली.

खाली उतरून बघितलं तर पहिली रेघ तुटलेली, म्हणजे लिव्हर खरोखरच पुढे सरकला होता, केबल किंवा फ्रेमचा दोष नाही. पण मजा दुसऱ्या रेघेत होती. ती पण तुटलेली! स्क्रूचं डोकं डावीकडे सरकलेलं, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढं, पण सरकलेलं नक्की. म्हणजे स्क्रू स्वतःहून ढिला होत होता.

यावर मी बराच वेळ नुसता बघत बसलो आणि लिव्हर मागेपुढे करत राहिलो. उजवा लिव्हर हलका गिअर टाकायला मागे ओढला की तो, उजव्या बाजूने बघितलं तर, घड्याळाच्या उलट दिशेला फिरतो. स्क्रू पण त्याच दिशेला उघडतो. म्हणजे लिव्हरचं फिरणं जर कसंही करून स्क्रूपर्यंत पोचत असेल तर दर वेळी हलका गिअर टाकताना मीच स्क्रू थोडा थोडा उघडतोय. डाव्या बाजूला आरशासारखं उलटं, तिथे मागे ओढलं की स्क्रू आवळला जाईल. माझा डावा लिव्हर कधीच घसरायचा नाही, त्याचं कोडं इथे सुटलं असं वाटलं. पण मग सगळ्यांचेच उजवे लिव्हर उघडायला हवेत, तसं तर होत नाही. म्हणजे फिरणं स्क्रूपर्यंत पोचू नये याची काहीतरी सोय आत असणार आणि माझ्यात ती नाहीये.

मग उघडलं. उघडायच्या आधी चेन सगळ्यात लहान चकतीवर आणून लिव्हर पूर्ण पुढे ढकलून ठेवा, नाहीतर स्क्रू सुटला की स्प्रिंग लिव्हरला फटकन ओढते आणि वॉशर कपाटाखाली. खाली वर्तमानपत्र पसरलं, एकेक भाग निघेल तसा ओळीने मांडत गेलो आणि मोबाईलवर फोटो काढत गेलो. वरून आत असं निघालं: स्क्रू (त्याला डी आकाराची उचलायची कडी आहे, चालता चालता बोटाने आवळता येते), टोपी, एक लोखंडी वॉशर, मग लिव्हर, मग आत एक पातळ प्लास्टिकचा वॉशर, आणि सगळ्यात आत चौकोनी भोकाची पत्री चकती जी खुंटीच्या (लिव्हर ज्यावर बसतो ती) चौकोनी बुडावर बसते आणि फिरत नाही. सगळं काळ्या तेलकट चिखलाने माखलेलं, अर्थात.

मग डावा उघडला, निव्वळ तुलना करायला. दोन्ही ओळी शेजारी शेजारी मांडल्या आणि एका मिनिटात दिसलं. डावीकडच्या टोपीखालच्या लोखंडी वॉशरचं भोक पूर्ण गोल नाही, दोन बाजू सपाट आहेत. आणि खुंटीच्या टोकालाही दोन सपाट बाजू आहेत, त्यावर तो वॉशर अडकतो, म्हणजे लिव्हर फिरला तरी हा फिरत नाही आणि त्याच्या वरचा स्क्रू शांत बसून राहतो. उजवीकडे त्याच जागी साधा हार्डवेअरच्या दुकानातला गोल भोकाचा वॉशर! माझ्या आधीच्या कुठल्यातरी मालकाकडे किंवा मेकॅनिककडे मूळचा हरवला आणि कोणीतरी हाताला लागला तो घालून दिला. वरवर बघता काहीच कळत नाही, लिव्हर चालतो, गिअर पडतात, फक्त घाटात मालक शिव्या देतो.

मूळ वॉशर सुटा कुठे मिळणार. पुण्यातल्या जुन्या बाजारात रविवारी चक्कर मारली, गंजलेले लिव्हर दिसले पण ते वेगळ्याच घडणीचे. मग ठरवलं आपणच करू. बोहरी आळीतून आठ एमएम बोल्टचे लोखंडी वॉशर आणि एक बारीक चपटी कानस आणली. त्या वॉशरचं भोक माझ्या खुंटीपेक्षा किंचित लहान, म्हणजे कानशीला काम उरतं. डाव्या बाजूचा वॉशर वर ठेवून मार्करने आकार काढला, नवा वॉशर पकडीत धरला आणि भोक फक्त समोरासमोरच्या दोन बाजूंनी वाढवत गेलो, उरलेल्या दोन बाजू सपाट राहतील असं. दर थोड्या वेळाने खुंटीवर बसवून बघायचं. घाई केली तर भोक सैल होतं आणि मग तो वॉशर पण लिव्हरबरोबर थोडा डुलतो, पहिला तसाच गेला, म्हणून तर जास्तीचे आणले होते. बसल्यावर तो मूळ वॉशरपेक्षा जाड वाटला, स्क्रूला आटे कमी मिळत होते, म्हणून काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर वॉशर गोल गोल घासून पातळ केला. बायको म्हणाली एवढ्यात नवीन सायकल आली असती. असो.

आता तेलाचं. सगळे भाग पेट्रोलमध्ये ब्रशने धुतले (गॅलरीत, गॅसपासून लांब, हे सांगायला नको) आणि कोरडे होऊ दिले. प्लास्टिकचा वॉशर एका बाजूने काचेसारखा गुळगुळीत झाला होता, त्यावर बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवला, नुसती चमक जाईल एवढाच, जास्त घासलं तर तो आधीच पातळ आहे. ग्रीस फक्त दोन ठिकाणी: स्क्रूच्या आट्यांना पुसट, आणि लिव्हर ज्यावर फिरतो त्या खुंटीच्या अंगाला पुसट. वॉशरच्या तोंडांना अजिबात नाही. काही जण स्क्रूला लॉकटाइट (आटे चिकटवून ठेवणारा द्रव) लावा सांगतात. मला पटलं नाही, कारण ती कडी दिलीच आहे रस्त्यात हाताने कमीजास्त करायला, तिलाच चिकटवून टाकलं तर काय अर्थ.

एक सावधगिरी. सगळेच जुने लिव्हर असे साधे नसतात. सनटूर कंपनीच्या काही लिव्हरमध्ये आत बारीक रॅचेट (एकाच दिशेला मोकळं फिरणारं दातेरी चाक) असतं, सिम्प्लेक्स कंपनीच्या रेट्रोफ्रिक्शन लिव्हरमध्ये गुंडाळलेली स्प्रिंग असते, त्यांचं काम वेगळ्या तत्त्वावर चालतं, तिथे माझी पेट्रोल-पॉलिश पेपरवाली पद्धत डोळे मिटून वापरू नका. आणि स्क्रू कडक लागतोय पण लिव्हर तरीही ढिला, असं असेल तर वॉशर झिजून स्क्रूचं टोक आत टेकत असेल, तिथे एक पातळ वॉशर वाढवून भागतं. जोर लावून आवळू नका, खुंटीचे पाच एमएमचे आटे गेले की खेळ संपला.

जोडल्यावर परत दोन्ही रेघा मारल्या आणि या वेळी थेट गोळेवाडी गाठली. घाटात शेवटच्या तीव्र वळणांवर पण लिव्हर हलला नाही. वर पोचून बघितलं, दोन्ही रेघा सलग. लिव्हर आधीपेक्षा जरा कडक लागतो, मोठ्या चकतीवर चढवताना नुसत्या अंगठ्याने भागत नाही, अख्खा तळवा लावावा लागतो, पण ते चालतंय. पावसाळ्यात भिजल्यावर थोडं सैल वाटतं तेव्हा कडी उचलून पाव फेरा आवळतो. जास्तीच्या वॉशरपैकी एक नीट कानसून टूलकिटमध्ये टाकून ठेवलाय, कोणाकडे अशीच खुंटी असेल तर माप घेऊन या, करून देईन.