मावशी आणि मुस्तेर

स्वीडनला आले त्या पहिल्याच हिवाळ्यात मी स्वीडिशच्या वर्गाला जायला लागले. बाहेरून येऊन इथे राहणाऱ्यांना ही भाषा फुकट शिकवतात. त्या वर्गाला सगळे ‘एसएफआय’ म्हणतात. एक दिवस बाईंनी फळ्यावर नातेवाईकांचं झाड काढलं. आई म्हणजे मूर, वडील म्हणजे फार. आईची आई मुर्मुर, वडिलांचे वडील फारफार. मामा मूरब्रूर, काका फारब्रूर, आत्या फास्तेर. आणि मावशी मुस्तेर.

माझ्या शेजारची मुलगी वैतागली, इतके शब्द कशाला म्हणून. मला मात्र माहेरच्या ओसरीवर बसल्यासारखं वाटत होतं. इतकी वर्षं इंग्रजीत काका आणि मामा एकाच ‘अंकल’मध्ये कोंबत आले होते. इथे कुणी तरी ते दोघे वेगळे आहेत हे मानत होतं.

‘मुस्तेर’ आला कुठून, असं मी विचारलं. बाईंनी फळ्यावर ‘मूदेर’ लिहिलं, हा आईसाठीचा जुना पूर्ण शब्द, आणि त्याला लागून ‘स्युस्तेर’, म्हणजे बहीण. मग बोटानेच मधली अक्षरं पुसली. दोन्ही टोकं उरली: मुस्तेर.

घरी येताना बसमध्ये मी मनातल्या मनात तेच ‘मावशी’ला करून बघत होते. संस्कृतात मूळ शब्द मातृष्वसृ. मातृ अधिक स्वसृ, आईची बहीण. त्यातल्या ‘स’चा ‘ष’ का होतो, याची दखल खुद्द पाणिनीने घेतली आहे, ‘मातृपितृभ्यां स्वसा’ या सूत्रात. पुढे प्राकृतात त्याचं माउस्सिआ झालं आणि आपल्याकडे मावशी. इकडे मातृ तिकडे मूदेर, इकडे स्वसृ तिकडे स्युस्तेर. दोन्ही जोड्या एकाच आदिम भाषेतून आलेल्या. म्हणजे तेच दोन तुकडे, त्याच क्रमाने जोडलेले आणि रोजच्या हाका मारून मारून झिजलेले. कुणी कुणाकडून उसना घेतलेला नाही. मला तर त्या दिवशी हरवलेलं माणूस भेटल्यासारखं झालं.

आणखी एक गोष्ट तेव्हा लक्षात आली. ‘स्वसृ’ हा शब्द मराठीत सुटा कुठेच उरला नाही. आपली बहीण ‘भगिनी’पासून आली. ती जुनी बहीण मावशीच्या ‘शी’मध्ये तेवढी जपली गेली आहे. आत्याची गोष्ट वेगळी. पितृष्वसृपासून बंगालीत पिशी झाली, पण मराठीने तो शब्द सोडला. आपली आत्या कन्नडच्या अत्तेजवळची. एकाच घरात एक नाव उत्तरेकडून आलेलं, एक दक्षिणेशी सोयरीक सांगणारं, आणि दोघीही तितक्याच आपल्या!

जाता जाता, ज्या इंग्रजीवर मी रुसले होते तिच्या पोटातही हा भेद होता. ‘अंकल’ ज्या लॅटिन शब्दातून आला त्याचा अर्थ फक्त मामा, आणि ‘आंट’च्या मूळ शब्दाचा अर्थ फक्त आत्या. मावशीला तिथे निराळा शब्द होता, तो इंग्रजीपर्यंत पोचलाच नाही. ‘माय मरो पण मावशी जगो’ म्हणणाऱ्या आपल्याला हे फार लागतं.

गेल्या उन्हाळ्यात माझी बहीण तिच्या मुलाला घेऊन इथे आली. माझ्या लेकाला बालवाडीतून आणायला तीच जायची. तिथे मुलाला घेऊन जाणाऱ्या माणसाचं नाव आणि नातं आधी कळवावं लागतं. बहिणीच्या नावापुढे मी ‘मुस्तेर’ लिहिलं आणि कितीतरी वेळ त्या शब्दाकडे बघत राहिले.

एका दुपारी बालवाडीच्या बाईंनी मला थांबवून लेकाचा किस्सा सांगितला. बरोबर आलेला दादा कोण, असं मुलांनी त्याला विचारलं होतं. स्वीडिशमध्ये सगळ्या चुलत, मामे, मावस भावंडांना मिळून ‘कुसीन’ हा एकच शब्द आहे, फ्रेंचमधून आलेला. माझ्या लेकाला तो पुरला नाही. त्याने ‘मावसभाऊ’ जसाच्या तसा उचलला आणि सांगितलं, ‘मुस्तेरब्रूर’. असा शब्द आमच्या भाषेत नाही, बाई म्हणाल्या, पण कुणालाही अर्थ विचारावा लागला नाही.