काउंटर उभा करून ट्यून केला आणि फसलो

गेल्या आठवड्यात माझ्या जुन्या फ्रिक्वेन्सी काउंटरचा (सिग्नलची लाट सेकंदाला किती वेळा येते ते मोजणारं यंत्र) टाइमबेस, म्हणजे त्याचं आतलं घड्याळ, ट्यून करायला घेतला. आत 10 मेगाहर्ट्झचा ओव्हनवाला ऑसिलेटर आहे, म्हणजे ठरावीक वेगाने कंपणारा क्वार्ट्झचा क्रिस्टल एका गरम डबीत बसवलेला आणि डबीचं तापमान कायम एकच, खोलीत काहीही चालू दे. पण काउंटर कित्येक महिने बंद होता, म्हणून आधी दोन दिवस नुसता चालू ठेवला. ओव्हन थोड्याच वेळात तापतो हो, क्रिस्टल ठिकाणावर यायला मात्र बराच वेळ घेतो, आणि नेमका इथेच सगळ्यांचा धीर सुटतो.

पहिला मूर्खपणा म्हणजे काउंटरच्या टाइमबेसचाच आउटपुट काउंटरच्याच इनपुटला लावून बघितला. बरोब्बर 10 मेगाहर्ट्झ! येणारच ना, स्वतःच्या पट्टीने स्वतःलाच मोजतोय तो.

मग नीट जोडणी केली. जीपीएसच्या अचूक वेळेशी जुळवून ठेवलेला (लॉक झालेला) 10 मेगाहर्ट्झचा रेफरन्स स्कोपच्या, म्हणजे लाटा पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपच्या, एका चॅनेलला, ट्रिगर त्याच्यावरच म्हणजे ती लाट पडद्यावर स्थिर, आणि काउंटरच्या टाइमबेसचा आउटपुट दुसऱ्या चॅनेलला. आता दुसरी लाट हळूहळू बाजूला सरकताना दिसते. एक सायकल 100 नॅनोसेकंदांची, तेवढं सरकायला 10 सेकंद लागले तर चूक दहा कोटींत एक, 100 सेकंद लागले तर शंभर कोटींत एक. आकडे बघत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं, लाट कुठल्या बाजूला पळतेय ते लगेच कळतं. ट्रिमरला, म्हणजे फ्रिक्वेन्सी जुळवायच्या स्क्रूला, प्लास्टिकचाच स्क्रूड्रायव्हर लावायचा, धातूचा नुसता टेकवला तरी फ्रिक्वेन्सी हलते आणि काढला की परत जाते.

ट्रिमरच्या भोकापर्यंत हात पोचेना म्हणून काउंटर कडेवर उभा केला आणि केसभर केसभर फिरवत लाट जवळजवळ थांबवली. खूश होऊन परत आडवा ठेवला तर लाट पुन्हा चालायला लागली, साधारण 100 सेकंदांत एक सायकल! वाटलं ट्रिमरला धक्का लागला. परत उभा केला तर थांबली. मग डोक्यात प्रकाश पडला की हे गुरुत्वाकर्षण आहे, क्रिस्टलवरचा ताण दिशेप्रमाणे बदलतो आणि फ्रिक्वेन्सी तेवढीशी सरकते. वाचलं होतं कधीतरी, पण डोळ्यांनी बघेपर्यंत खरं वाटलं नव्हतं.

शेवटी जसा वापरतो तसाच आडवा ठेवून, झाकण लावून, मान वाकडी करून ट्यून केला, प्रत्येक वेळी फिरवल्यावर अर्धा तास थांबून. आता एक सायकल सरकायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. क्रिस्टल म्हातारा होत जाईल तसं हेही बिघडणारच, म्हणून तारीख टेपवर लिहून झाकणाला चिकटवलीये.