आमची वाटचाल : सोलकढी आम्ही विकत नाही

आमच्या दरपत्रकावर कोकमाचं आगळ (मीठ घातलेला रस) आहे, अमृत कोकम (साखरेतलं सरबत) आहे, आमसुलं (कोकमाची वाळवलेली साल, म्हणजेच सोलं) आहेत, पन्ह्याचा गर आहे. सोलकढी नाही. दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, तयार बाटलीच द्या ना, ग्लासात ओतली की झालं." पण नारळाचं दूध काढल्यावर काही तासांत उतरायला लागतं, आणि उकळावं तर फुटतं. टिकाऊ करायच्या खटपटीत जे हाती येतं त्याला मी तरी सोलकढी म्हणणार नाही. सासूबाईंना तर हा प्रश्नच कळत नाही. "ती काय बाटलीत भरूची वस्तू आसा?" एवढं बोलून त्या पुन्हा रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायला बसतात.

तेव्हा आमचा धंदा हा असा अर्धाच आहे. टिकतं ते आम्ही करतो. ताजंच हवं ते गिऱ्हाइकाने आपल्या घरी करायचं. कसं करायचं ते बाटलीबरोबरच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं.

आम्ही कुडाळ तालुक्यातले. परड्यात रातांब्याची जुनी झाडं. मे महिन्यात गावी आलेले चाकरमानी परतताना आगळ मागून नेत, त्यांच्या मुंबईच्या शेजारणी पुढच्या वर्षी निरोप धाडत. घरापुरतं करायचं ते वाडीपुरतं झालं, मग बचत गटातल्या बायका हाताशी आल्या आणि एसटीच्या पार्सलने खोके जाऊ लागले.

रातांबा पिकतो एप्रिलपासून, आणि खरी घाई मेच्या शेवटी. पावसाआधी फळ उतरवून, फोडून, वाळवून झालं पाहिजे. वळवाची एक सर आली तरी खळ्यातली सोलं उचलून पडवीत आणायची धावपळ. फोडलेल्या फळाची साल एकीकडे, गरासकट बिया दुसरीकडे. त्या गराला मीठ लावलं की रस सुटतो. साल त्याच रसात बुडवायची, उन्हात टाकायची, सुकली की पुन्हा बुडवायची. अशी चार-पाच पुटं चढली की सोल काळं, मऊ आणि चांगलं आंबट होतं. एका पुटावर भागवलेली सोलं बाजारात स्वस्त मिळतात, पण आमटीत टाकली की त्यांचा कस कळतो.

आगळाला मीठ भरपूर लागतं, किलोला साधारण दीडशे ग्रॅम. तेच त्याला वर्षभर राखतं. भांडं मात्र चिनीमातीचं, काचेचं किंवा खाण्याच्या दर्जाच्या प्लास्टिकचं. हा आंबट रस ॲल्युमिनियमला खातो. अमृत कोकमाची रीत वेगळी. ताज्या सालीच्या वाट्यांत साखर भरून बरण्या उन्हात ठेवायच्या. साखर आपोआप विरघळते, चुलीवर काही चढत नाही.

परवान्याचं मला वाटलं होतं त्याहून सोपं निघालं. वर्षाला १२ लाखांच्या आत उलाढाल असणाऱ्यांना अन्नसुरक्षा कायद्याखाली नुसती नोंदणी पुरत होती, फी वर्षाला १०० रुपये. खरी शिस्त लावली ती सरबताच्या मानकाने. फळाचा रस किमान २५ टक्के आणि विरघळलेले घटक किमान ६५ टक्के. हाताच्या तारेवर पाक ओळखणाऱ्या आम्ही, रिफ्रॅक्टोमीटरमध्ये, म्हणजे विरघळलेली साखर मोजायच्या नळीत, डोळा घालून आकडा वाचायला शिकलो. त्या मापात साखर असली की बुरशी सहसा धरत नाही.

रंग घालत नाही. कोकमाचा लाल रंग उजेडाने आणि उष्णतेने उतरतो, दिवाळीपर्यंत बाटली थोडी तपकिरी दिसते. दुकानदारांना हे पटवणं कठीण. एकाने तर बाजूच्या बाटल्यांसारखा लालभडक माल द्या, नाहीतर ठेवत नाही, असं तोंडावर सांगितलं. नाही ठेवला त्याने.

चैत्रात मागणी पन्ह्याच्या गराला. पुण्या-मुंबईकडे अक्षय्य तृतीयेपर्यंत चैत्रगौरीची हळदीकुंकवं चालतात. कैरी आम्ही रायवळाची, म्हणजे कलम न केलेल्या गावठी आंब्याची घेतो. हापूसच्या कैरीला तेवढा आंबटपणा नसतो. उकडून, गर चाळून त्यात गूळ आणि वेलची. केशर तुमचं तुम्ही घाला. आंब्याची डाळ हवी म्हणणाऱ्यांना मात्र आम्ही चिठ्ठीच देतो: हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून भरड वाटायची, कैरी किसून कालवायची, ओलं खोबरं, मीठ, चिमूटभर साखर, वरून मोहरी-हिंग-हळद-मिरचीची फोडणी. ती सकाळी केली की दुपारी संपवायची.

२०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली ती ऐन हंगामाच्या तोंडावर. गाड्या बंद, चाकरमानी नाहीत, पण झाडं थांबतात थोडीच! त्या वर्षीचं आगळ पुढच्या वर्षी विकलं, तोवर मीठच कामाला आलं. पन्ह्याच्या गराचं गणित तसं नव्हतं, तो वाडीत वाटून टाकला. त्याच वर्षी केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना आली, खर्चाच्या ३५ टक्के अनुदानाची. पुढे त्यातूनच गर काढायचं यंत्र घेतलं. कागदपत्रं जमवताना जीव मेटाकुटीला आला, पण हातांची फुरसत झाली.

सोलकढीची चिठ्ठी सगळ्यांत जास्त मागितली जाते, म्हणून इथेही लिहिते. एका नारळाचं खोबरं, दोन-तीन लसूणपाकळ्या, एक हिरवी मिरची एकत्र वाटा. कोमट पाण्याने दोनदा दूध पिळून घ्या. त्यात तीन-चार चमचे आगळ, वर कोथिंबीर. मीठ आधी घालू नका, आगळातच पुरेसं असतं; चाखून मग ठरवा. आणि गरम करू नका.

सध्या डोक्यात बिया आहेत. आजवर त्या आम्ही व्यापाऱ्याला देऊन टाकत होतो. सासूबाई त्या कुटून, पाण्यात उकळून वर आलेलं तेल काढायच्या आणि थिजल्यावर त्याचे गोळे वळायच्या, त्यालाच मुठेल म्हणतात. टाचांच्या भेगांना तेच लावायचो. गटातल्या दोघीजणी आता त्यांच्याकडून ते शिकतायत. या पावसाळ्यात थोडं करून पाहू, विकण्याजोगं जमलं तर दरपत्रकावर मुठेलाची एक ओळ वाढेल.