दर रविवारी दहा मिनिटं

विमान विकत घेण्याआधी ते उघडून बघायचं आणि घेणाऱ्याला खरं काय ते सांगायचं, हे माझ्या धंद्यातलं सगळ्यात जोखमीचं काम. आयोवा राज्यातल्या एका छोट्या विमानतळावर मी मेकॅनिक आहे. चारी बाजूंना मका आणि सोयाबीन, मध्ये एक धावपट्टी, कंट्रोल टॉवर नाही, पत्र्याच्या हँगरांच्या दोन रांगा. इथली विमानं शेतकऱ्यांची, दातांच्या डॉक्टरांची, निवृत्त शिक्षकांची. स्वतःच्या हौसेसाठी, स्वतःच्या पैशानं उडवणारी ही माणसं. आणि त्यांच्यात सगळ्यात लाडकं विमान कुठलं असं कुणी विचारलं, तर हँगरांच्या दारातून नुसती नजर फिरवावी. वर पंख, खाली त्यांना टेकू देणारा तिरपा दांडा, पुढे एक चाक आणि मागे दोन. सेसना १७२.

पायपर चेरोकीवाल्यांना हे पटणार नाही, बोनान्झावाले तर हसतील. बोनान्झा वेगवान आहे, देखणी आहे, हे मलाही मान्य. पण इतकी वर्षं या विमानांच्या पोटात हात घातल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. १७२ मध्ये लपवाछपवी नाही. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या मॉडेलांत पेट्रोल वरच्या पंखांतून आपल्या वजनानं इंजिनात उतरतं, पंपाची गरजच नाही. चाकं आत-बाहेर होत नाहीत, त्यामुळे ती काढायला विसरण्याचा प्रश्न नाही. वेग फार कमी झाला की डाव्या पंखाच्या कडेतल्या छोट्या भोकातून हवा ओढली जाते आणि पेटीच्या सुरासारखी एक पत्ती वाजू लागते. विजेशी तिचा काही संबंध नाही. ती चालू आहे ना हे बघायला आम्ही त्या भोकावर रुमाल धरून तोंडानं हवा ओढतो. माझं लहानपण मिरजेत, वाद्यांच्या दुकानांच्या आसपास गेलं. तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा या यंत्राशी आपलं जमणार हे मला कळून चुकलं.

आता त्या दिवसाबद्दल.

सांगलीचा एक मुलगा, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणारा, नुकताच खासगी वैमानिकाचा परवाना मिळवून बसला होता. शिकला १७२ वरच. त्याला स्वतःचं विमान हवं होतं आणि नवं घेणं त्याच्या आवाक्याबाहेर होतं. तसं ते बहुतेकांच्या आवाक्याबाहेरच आहे. कॅन्ससमध्ये सेसनानं १९५६ पासून १७२ विकायला सुरुवात केली, आजवर ४४ हजारांवर विमानं बनली. दुसरं कुठलंही विमान एवढ्या संख्येनं बनलेलं नाही. पण १९८६ मध्ये हे उत्पादन थांबलं, कारण पंचवीस-तीस वर्षांचं जुनं विमान पडलं तरी खटला कंपनीवरच व्हायचा आणि त्याचा बोजा परवडेनासा झाला. १९९४ साली अमेरिकी संसदेनं कायदा करून अशा छोट्या विमानांच्या बाबतीत कंपनीवर खटला भरायला १८ वर्षांची मुदत घातली, आणि मग १९९६ मध्ये नवी १७२ बाहेर पडली. मधली दहा वर्षं कोरडी गेली. म्हणून आजही सामान्य माणूस १७२ घेतो म्हणजे बहुधा १९६०-७० च्या दशकांतलं घेतो.

हे १९७४ चं होतं. १७२ एम, लायकमिंग कंपनीचं १५० अश्वशक्तीचं इंजिन. मालक ऐंशीच्या घरातले एक आजोबा, पूर्वी टपाल खात्यात होते. मुलानं फोनवर मला सांगितलं ते असं :

“काका, ओव्हरहॉलनंतर इंजिनवर फक्त चारशे तास झालेत. दोन हजारांपर्यंत चालतं ना हे? म्हणजे जवळजवळ नवंच!”

“ओव्हरहॉल कुठल्या साली झालं?” मी विचारलं.

तो थांबला. कागद चाळले. “एकवीस वर्षांपूर्वी.”

ओव्हरहॉल म्हणजे इंजिन पूर्ण खोलून पुन्हा नव्यासारखं बांधणं. दोन ओव्हरहॉलांमधले दोन हजार तास हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. त्याच्याच शेजारी कंपनीनं बारा वर्षं असंही लिहिलेलं आहे, ते कुणी वाचत नाही. मी त्याला म्हटलं, पैसे देऊ नकोस, आधी बघू.

हँगर उघडलं आणि मुलगा दारातच उभा राहिला. खरंच, डोळ्यांत भरेल असं विमान होतं. पांढऱ्यावर तपकिरी पट्टे, मूळचा रंग, कुठे ओरखडा नाही. आतल्या सीटांवर चादरी. चाकांखाली पुठ्ठे, म्हणजे फरशीचा ओलावा टायरला लागू नये. प्रॉपेलरला कापडी टोपी, ती आजोबांच्या दिवंगत पत्नीनं शिवलेली. तीन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या दुखण्यामुळे त्यांचं उडणं थांबलं होतं. वार्षिक तपासणीही तेव्हापासून झाली नव्हती.

“पण मी याला नुसतं पडून राहू दिलेलं नाही,” ते मला म्हणाले. “दर रविवारी चर्चहून येताना इथे थांबतो. दहा मिनिटं इंजिन चालवतो. हिवाळ्यातसुद्धा. एक रविवार चुकवला नाही.”

मुलगा माझ्याकडे बघून हसला, बघा काका, किती जपलंय, अशा अर्थानं. माझ्या पोटात मात्र गोळा आला.

काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं पत्र्याचं आवरण, काढलं, इंजिन थोडं चालवून गरम केलं आणि कॉम्प्रेशन बघितलं. यात सिलिंडरमध्ये ८० पौंडांच्या दाबानं हवा सोडतात आणि आत किती टिकते ते मोजतात. चारही सिलिंडर ७४ च्या वर होते. मुलानं आकडे फोनमध्ये टिपून घेतले आणि आजोबांनी मान डोलावली. कॉम्प्रेशन चांगलं म्हणजे इंजिन चांगलं, असा समज फार पसरलेला आहे. कॉम्प्रेशन फक्त पिस्टनच्या रिंगा आणि व्हॉल्व्ह नीट मिटतात का एवढंच सांगतं. व्हॉल्व्ह किती उघडतो याबद्दल ते काहीच सांगत नाही.

मग तेल काढलं आणि फिल्टर कापला. फिल्टरचा डबा कापायचं वेगळं कटर असतं. आतला घड्यांचा कागद पात्यानं सोडवायचा, कापडात घट्ट पिळायचा आणि उन्हात उलगडायचा. मी हँगरच्या दारात उकिडवा बसलो आणि एकेक घडी उघडत गेलो. तिसऱ्या-चौथ्या घडीपासून चमक दिसायला लागली. बारीक, चपट्या, चांदीसारख्या कपच्या. कागदाखालून चुंबक फिरवला. चुंबकाबरोबर कपच्याही सरकल्या. ॲल्युमिनियम असतं तर हललं नसतं. हे पोलाद होतं, आणि या इंजिनात अशा कपच्या पडतील अशी पोलादाची जागा म्हटली की पहिली शंका कॅमशाफ्टवर, म्हणजे उंचवट्यांनी व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर, आणि त्याच्यावर टेकणाऱ्या टॅपेटवर.

दोघंही माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. कुणी काही विचारलं नाही.

व्हॉल्व्ह दिसावेत म्हणून रॉकरची झाकणं काढली, प्लग बाहेरच होते, आणि आजोबांना प्रॉपेलर हातानं सावकाश फिरवायला सांगितलं. मागच्या दोन सिलिंडरांचे इनटेक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणारे, पुरते दाबले जात होते. पुढच्या दोघांचे दोन्ही कमी दाबले जात होते, आणि दोन्ही सारखेच कमी. इथे मला उत्तर मिळालं. या चार सिलिंडरच्या इंजिनात समोरासमोरच्या दोन सिलिंडरांचे इनटेक व्हॉल्व्ह कॅमवरचा एकच उंचवटा उघडतो. त्याच्यावर दुप्पट काम पडतं, त्यामुळे झिजतोही तोच आधी. एकाच सिलिंडरचा व्हॉल्व्ह कमी उघडला असता तर आणखी दहा कारणं शोधावी लागली असती. दोन समोरासमोरचे सारखेच कमी म्हणजे तो उंचवटाच गेला.

तरी डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी असं कुणाला सांगत नाही. सिलिंडर काढायची परवानगी मागितली. विकणाऱ्या माणसानं इथे नाही म्हटलं तर काम थांबतं, आणि बरेच जण नाही म्हणतात. आजोबा म्हणाले, “काढा. मलाही बघायचंय.”

दुपारपर्यंत पुढचा, दोन नंबरचा सिलिंडर बाकावर होता. मी टॉर्च धरला, आजोबांनी प्रॉपेलर फिरवला. कॅमचे बाकीचे उंचवटे काळसर-चकचकीत, तासलेले. मग तो एक आला. त्याच्या टोकावर गंजाचे खड्डे होते, आणि खड्ड्यांच्या कडेनं पोलादाचा पापुद्रा उडाला होता. बोट फिरवलं तर नखाला खरखर लागली. मुलानं वाकून पाहिलं. आजोबांनी चष्मा बदलला आणि बराच वेळ पाहिलं.

“हे कशानं झालं?” त्यांनी विचारलं.

हा प्रश्न मी सकाळपासून टाळत होतो. पण विचारल्यावर खोटं बोलणं मला जमत नाही, आणि ज्या माणसानं आपलं इंजिन माझ्यासमोर उघडू दिलं त्याच्याशी तर नाहीच.

मी सांगितलं. पेट्रोल जळतं तेव्हा पाणी तयार होतं. त्याची वाफ रिंगांच्या फटीतून खाली तेलात जाते. विमान आकाशात तासभर राहिलं तर तेल पुरेसं तापतं आणि ती वाफ ब्रीदरच्या नळीतून बाहेर पडते. जमिनीवर दहा मिनिटांत तेल नुसतं कोमट होतं. पाणी आत राहतं, तेल आंबतं. आणि या इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या, म्हणजे प्रॉपेलर फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या, वर आहे. इंजिन थांबलं की पहिल्यांदा तेल ओघळून जातं ते त्याच्यावरून. मग सहा दिवस तो उघडा, ओलसर हवेत. पुढच्या रविवारी पुन्हा दहा मिनिटं, पुन्हा थोडं पाणी. उडवायचं नसेल तर इंजिनात जपणुकीचं तेल घालून, प्लगच्या जागी ओलावा शोषणारे प्लग लावून, त्याला हात न लावता ठेवायचं. जमिनीवर चालवणं हा उड्डाणाला पर्याय नाही, असं लायकमिंग स्वतः सांगते.

“म्हणजे मी आलो नसतो तर बरं झालं असतं,” ते म्हणाले.

“तुम्ही उडवत होतात तेव्हाही वर्षाला वीस-बावीस तासच होत होते, नोंदी आहेत,” मी म्हटलं. “सुरुवात तेव्हाच झाली असणार. रविवारमुळे वेग वाढला.” हे त्यांना बरं वाटावं म्हणून नव्हतं. लॉगबुकात खरंच तसंच होतं.

मग मी त्यांना लास वेगासची गोष्ट सांगितली, कारण मला ती या धंद्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. ४ डिसेंबर १९५८ ला रॉबर्ट टिम आणि जॉन कुक हे दोघं एका १७२ मध्ये बसून उडाले आणि ७ फेब्रुवारी १९५९ ला उतरले. ६४ दिवस, २२ तास, १९ मिनिटं. वाळवंटातल्या सरळ रस्त्यावरून ट्रक धावायचा, वर तेवढ्याच वेगानं विमान, आणि ट्रकमधून नळी वर ओढून पेट्रोल भरायचं. जेवणही तसंच. त्या विमानाचं इंजिन वेगळ्या कंपनीचं होतं, कॉन्टिनेंटल. ते दीड हजारांहून अधिक तास अखंड चाललं. शेवटी कार्बन साचून ताकद कमी झाली, तेव्हा उतरले. विमान आजही लास वेगासच्या विमानतळावर टांगलेलं आहे. गंजायला त्या इंजिनाला सवडच मिळाली नाही.

आजोबांना ही गोष्ट माहीत होती. ते तेव्हा शाळकरी वयाचे होते आणि रोज वर्तमानपत्रात वाचत होते. “हो,” ते म्हणाले, “आणि त्यावरूनच मला १७२ हवं होतं.”

मुलगा मला बाजूला घेऊन मराठीत म्हणाला, “काका, सोडून देऊ का?”

माझं काम विमान कसं आहे ते सांगण्याचं, घे किंवा घेऊ नको हे सांगण्याचं नाही. पण तो विचारत होता, म्हणून सांगितलं. इंजिन पुन्हा बांधून घ्यायला तीस हजार डॉलरच्या पुढे लागतील. तेवढे किमतीतून कमी झाले तर हे घे. पंखांच्या आत, शेपटीत, दांड्याच्या बोल्टांपाशी मी आरशानं पाहिलंय, कुठेही गंज नाही. सीट ज्या पट्ट्यांवर सरकते त्या पट्ट्यांची भोकं झिजलेली नाहीत. सेसनामध्ये ही भोकं मी नेहमी मोजतो, कारण उड्डाणाच्या वेळी सीट मागे सरकून लोक मेलेले आहेत आणि त्याबद्दल एफएएचा, म्हणजे अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाचा, सक्तीचा आदेश आहे. इंजिन बदलता येतं. असा सांगाडा बाजारात मिळत नाही.

घासाघीस झालीच नाही. आजोबांनी पाठीवर पेन्सिलनं आकडेमोड केलेलं एक पाकीट पुढे केलं. इंजिनचा पूर्ण खर्च त्यांनी स्वतःहून वजा केला होता.

वसंतात इंजिन नवं होऊन आलं. नव्या रिंगा सिलिंडरमध्ये नीट बसाव्यात म्हणून पहिले तास इंजिन दामटून चालवावं लागतं, ६५ ते ७५ टक्के ताकदीवर, साध्या मिनरल तेलावर, तेलाचा खप स्थिर होईपर्यंत. हळू चालवलं तर सिलिंडरच्या भिंती काचेसारख्या गुळगुळीत होतात आणि तेल प्यायला लागतात. हे मी मुलाला नीट समजावलं होतं, तरी नव्या इंजिनावर जोर द्यायला त्याचा हात धजत नव्हता. शेजारच्या सीटवर आजोबा बसले होते. स्वतः उडवता येत नसलं तरी प्रवासी म्हणून बसायला कुणाची हरकत नाही. मुलानं नंतर मला सांगितलं, की थ्रॉटल जरा मागे घ्यायला गेलं की ते मनगटावर टिचकी मारत होते.

विमान अजून त्याच हँगरमध्ये आहे, भाडं आता मुलगा देतो. दारामागे एक वही टांगली आहे, तिच्यात शेवटच्या उड्डाणाची तारीख आणि तेलाचं तापमान लिहायचं. दोन आठवडे कोरडे गेले की आजोबा त्याला फोन करतात. कडक थंडीत इंजिन आधी गरम करून घ्यावं लागतं, ती जबाबदारीही त्यांनीच घेतली आहे. गेल्या महिन्यात त्यांनी मला विचारलं, की हीटर आठवडाभर लावून ठेवला तर चालेल का, वरचेवर यायला नको. मी नको म्हटलं. खालून तेलाची टाकी तापत राहिली की ओलावा वर जाऊन थंड कॅमवर बसू शकतो. उड्डाणाच्या आदल्या रात्री लावा आणि काउलिंगवर गोधडी टाका. त्यांनी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.